पहिल्या दोनशे छर्‍यांत रायफल कळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 5.5 मिलिमीटरची, नळी मोडून भरायची, चांगल्या ताकदीची स्प्रिंग एअर रायफल घेऊन तीन आठवडे झाले, दोनशेच्या आसपास छर्रे मारून झाले. पहिल्या दिवशी नळीतून धूर आला आणि दोन-तीनदा कानठळ्या बसतील असा आवाज झाला. 25 मीटरवर पाच छर्‍यांचा ग्रुप कधी दोन बोटांत मावतो, तर कधी तळहाताएवढा पसरतो. स्कोप जागचा हलल्यासारखा वाटतो. शेजारी पीसीपीवाले (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफलींचे) एकाच भोकात छर्रे घालताना बघून तुम्हाला वाटतंय की एक तर रायफल खराब आली, नाहीतर आपल्याला हे जमणारच नाही.

मी गेली बावीस वर्षं स्प्रिंग रायफल चालवतोय आणि त्यातली बरीच वर्षं इतरांच्या रायफली उघडून दुरुस्तही करतोय. तुम्ही सांगितलेलं एकेक लक्षण मी इतक्या वेळा पाहिलंय की न बघताही बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो: तुमची रायफल अजून बसायची आहे, आणि जिथे ती सैल धरायला हवी तिथे तुम्ही ती आवळून धरताय. दोन्ही गोष्टी सुधारतात.

आधी धुराचं बघू, कारण नव्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते.

ट्रिगर ओढला की दाबून ठेवलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते आणि पिस्टन समोरची हवा एका झटक्यात दाबतो. ही हवा नुसती दाबली जात नाही, तापतेसुद्धा. क्षणभर तिचं तापमान शेकडो अंशांवर जातं. कारखान्यात जोडणी करताना लावलेलं तेल किंवा ग्रीस पिस्टनच्या पुढे राहिलं असेल तर ते त्या उष्णतेने पेटतं, अगदी डिझेल इंजिनात पेटतं तसं. म्हणूनच या प्रकाराला डिझेलिंग म्हणतात. हलका धूर आणि जळक्या तेलाचा वास, एवढंच असेल तर काही बिघडलेलं नाही. खरं तर चांगल्या ताकदीच्या स्प्रिंग रायफलमध्ये प्रत्येक शॉटला अगदी सूक्ष्म प्रमाणात ज्वलन होतच असतं. हवेऐवजी नायट्रोजन भरून केलेल्या चाचण्यांत छर्‍याचा वेग ठळकपणे घसरला होता, त्यावरून हे कळलं.

कानठळी बसवणारा आवाज मात्र वेगळा. तेव्हा तेल जळत नाही, स्फोटासारखं भडकतं. पिस्टन उलटा मागे फेकला जातो, सीलवर आणि स्प्रिंगवर नको तेवढा ताण येतो. पहिल्या पाच-दहा शॉटमध्ये एखाद्-दुसऱ्यांदा झालं तर सोडून द्या. पन्नासाव्या शॉटनंतरही होत असेल तर आत तेल जास्त आहे. अशा वेळी थोडे जड छर्रे वापरा आणि काही झालं तरी वरून तेल घालू नका. माझ्याकडे एकदा एक रायफल आली होती. मालकाने शिलाई मशीनचं तेल हवेच्या छिद्रातून आत सोडलं होतं, कारण 'नवी आहे, कोरडी वाटली'. उघडली तेव्हा स्प्रिंगचे तीन तुकडे निघाले आणि पिस्टनच्या सीलची कड मेणबत्तीसारखी वितळून पुन्हा गोठलेली होती. दोन थेंबांचं काम. स्प्रिंग रायफलच्या हवेच्या कक्षात पेट्रोलियमचं तेल जाता कामा नये. बिजागरीच्या बोल्टला आणि लिव्हरच्या सांध्याला हलकं ग्रीस लावा, तिथे त्याची गरज असते.

नळीतही गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेल लावलेलं असतं. मऊ कापडाचे तुकडे दोरीने ओढून नळी एकदा नीट पुसा. पहिले दोन-तीन काळे निघतील. ते स्वच्छ निघायला लागले की थांबा आणि पुढे उगाच साफ करत बसू नका. एअर रायफलच्या नळीत बारुदाची काजळी साचत नाही. उलट शिशाचा अगदी पातळ थर बसल्यावरच बहुतेक नळ्या एकसारख्या मारायला लागतात. पुसल्यानंतरचे वीस-तीस छर्रे इकडेतिकडे गेले तर ते त्यामुळेच.

आता 'रायफल बसणं' म्हणजे काय? सीलची कड सिलेंडरच्या आकाराला जुळते, नवी स्प्रिंग किंचित आखडते, जादा ग्रीस उडून जातं, ट्रिगरचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. याला तीनशे ते पाचशे शॉट लागतात. काही रायफलींना त्याहूनही जास्त. तोवर वेग वरखाली होतो, आणि वेग वरखाली झाला की छर्राही वरखाली लागतो. कुणाकडून क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, मिळत असेल तर दर शंभर शॉटनंतर दहा छर्‍यांचे वेग वहीत लिहून ठेवा. ताकद कळायलाही तोच आधार. 1.03 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 225 मीटरने निघत असेल तर किलोग्रॅममध्ये घेतलेल्या वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं, साधारण 26 ज्यूल येतात. सुरुवातीला डिझेलिंगमुळे आकडा फुगलेला असतो. तो खाली येऊन स्थिर झाला तर रायफल कमजोर झाली असं समजू नका. स्थिर झालेला आकडाच खरा. तो सतत घसरतच राहिला तर मात्र गळती शोधा. मी करतो ती तपासणी सोपी आहे: टिश्यू पेपरची बोटभर पट्टी नळी मिटते त्या फटीवर ठेवायची आणि सुरक्षित दिशेला छर्रा मारायचा. पट्टी फडफडली किंवा उडाली की तिथला सील बदलायचा.

आता स्क्रू. तुमचा ग्रुप मधूनच तळहाताएवढा होतो, याचं एक कारण इथे सापडण्याची बरीच शक्यता आहे. स्प्रिंग रायफल प्रत्येक शॉटला आधी मागे आणि मग पुढे हिसडते, आणि त्या हिसड्यांनी दस्त्याचे स्क्रू ढिले होतात. पुढचे दोन बाजूचे स्क्रू आणि ट्रिगर गार्डचे स्क्रू प्रत्येक सत्राआधी बघा. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच खराब होते. घट्ट करा, पण लाकूड चेपेल इतके पिळू नका. पुन्हा पुन्हा ढिले होत असतील तर आटे स्पिरिटने पुसून पुन्हा उघडता येईल असं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावा. अर्धा वळसा सैल असलेल्या एका स्क्रूमुळे माणसं महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत बसलेली मी पाहिली आहेत.

मात्र या सगळ्याहून मोठी गोष्ट पकड.

ट्रिगर सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत साधारण एका सेकंदाचा शंभरावा भाग जातो. ऐकायला कमी वाटतं, पण रायफलच्या दृष्टीने हा फार मोठा वेळ आहे. जड पिस्टन पुढे झेपावतो, म्हणून रायफल मागे येते. टोकाला दाबलेल्या हवेच्या गादीवर पिस्टन आदळून थांबतो, म्हणून रायफल पुढे झटका खाते. यातली बरीचशी हालचाल छर्रा नळीत असतानाच होऊन जाते. म्हणजे रायफल स्थिर असताना छर्रा कधीच सुटत नाही, ती हलत असतानाच सुटतो. ही हालचाल तुम्ही थांबवू शकत नाही, कितीही जोर लावला तरी. हातात एवढंच आहे की ती प्रत्येक वेळी सारखीच व्हावी.

आवळून धरली की हे बिघडतं. माणसाची पकड दोनदा सारखी नसते. एकदा डावा पंजा जास्त दाबतो, एकदा खांदा, एकदा गाल. दर वेळी रायफल वेगळ्या दिशेला उडते आणि छर्रा त्या दिशेला जातो. म्हणून अनुभवी मंडळी ही रायफल तोफेसारखी धरायला सांगतात: तोफ जशी तिच्या गाड्यावर मोकळी मागे सरकते, तशी रायफल हातावर मोकळी सरकू द्यायची. पीसीपीत असा पिस्टन पळत नाही, म्हणून तिथे घट्ट पकड चालून जाते. ती सवय घेऊन स्प्रिंगकडे आलेला चांगला नेमबाजसुद्धा पहिला महिना चाचपडतो.

मी कसा धरतो ते सांगतो. टेबलावर वाळूची मऊ पिशवी, तिच्यावर डाव्या हाताची पाठ. तळहात वर, उघडा, बोटं पसरलेली, दस्ता नुसता त्यावर ठेवलेला. बोटं वर वळवून दस्त्याला लावायची नाहीत. उजव्या हाताचा अंगठा पलीकडे गुंडाळायचा नाही, याच बाजूला सरळ ठेवायचा. मागचा पॅड खांद्याला फक्त टेकलेला, मागे ओढलेला नाही. गाल दस्त्यावर टेकतो, दाबत नाही. मग डोळे मिटायचे, एक श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. क्रॉसहेअर लक्ष्याच्या बाजूला गेलेली दिसली तर हाताने रायफल वळवायची नाही, पिशवी सरकवायची किंवा बसण्याची जागा बदलायची. हाताने ढकलून नेमावर आणलेली रायफल सुटल्या क्षणी मूळ जागी परत जायला बघते.

मग ट्रिगर. शॉट गेल्यावर लगेच मान वर करून भोक कुठे पडलं ते बघायचं नाही. गाल तिथेच, बोट मागेच, एक सेकंदभर. तेवढ्यात क्रॉसहेअर उडी मारून कुठे येऊन थांबली ते बघा. दर वेळी ती त्याच ठिकाणी परतत असेल, समजा लक्ष्याच्या किंचित वर उजवीकडे, तर तुमची पकड एकसारखी आहे आणि कागदावर ग्रुपही तेच सांगेल. एकदा वर, एकदा डावीकडे अशी परतत असेल तर कागद बघायची गरजच नाही. मला स्वतःला ही खूण कळली त्या दिवसापासून माझे ग्रुप निम्म्यावर आले, तीच रायफल आणि तेच छर्रे असताना.

तळहात कुठे ठेवायचा हे प्रत्येक रायफलचं वेगळं. काहींना ट्रिगर गार्डच्या अगदी पुढे आवडतं, काहींना दस्त्याच्या पुढच्या टोकाला. दोन-दोन सेंटिमीटर पुढे सरकत प्रत्येक जागी पाच छर्रे मारा, सगळ्यात लहान ग्रुप आला तिथे पेन्सिलने खूण करा. दस्ता थेट कडक टेबलावर किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवू नका, तिथून ती उसळते.

जुन्या निर्मात्यांनी या हिसड्यावर किती डोकं लावलं होतं हे आठवलं तरी मला आदर वाटतो. फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीच्या 300 मालिकेत सगळी यंत्रणा दस्त्यावर रुळांवरून मागे सरकते, त्यामुळे नेमबाजाच्या गालाला धक्का जवळजवळ जाणवतच नाही. डायानाने गिस पद्धतीत एकमेकांच्या विरुद्ध धावणारे दोन पिस्टन बसवून धक्का खोडून काढला. या स्पर्धेच्या, कमी ताकदीच्या रायफली होत्या. ताकदीच्या रायफलीत डायाना 54 सरकत्या यंत्रणेची आहे, पण ती वजनदार आहे. तुमच्यासारख्या साध्या रचनेच्या रायफलीत ते रुळांचं काम तुमच्या उघड्या तळहाताने करायचं आहे.

स्कोप हलतोय हा भास नसेलही. साधारण बंदुकीचा धक्का एकाच दिशेला, मागे असतो आणि तिच्या स्कोपच्या आतल्या काचा तेवढ्यासाठीच बसवलेल्या असतात. स्प्रिंग रायफल दोन्ही दिशांना हिसडते. म्हणून मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप इथे काही शेकडा शॉटमध्ये निकामी होऊ शकतो. 'स्प्रिंग एअर रायफलसाठी' असं स्पष्ट म्हटलेलाच घ्या, आणि जवळच्या अंतरावर पॅरालॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं) जुळवता येईल असा, कारण तुमचं सगळं काम 10 ते 50 मीटरांत आहे. स्कोप रायफलला धरून ठेवणारा माउंट शक्यतो एकसंध असावा, आणि खाली थांबवणारी पिन असेल तर ती रायफलच्या वरच्या भोकात नीट बसलेली असावी. स्कोपच्या नळीवर रिंगच्या मागच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवा. पन्नास छर्‍यांनंतर रेघ आणि रिंग यांत फट दिसली की स्कोप घसरतोय. नळी मोडायच्या बऱ्याच रायफलींत नळी किंचित खाली झुकलेली असते. तेव्हा उंचीचा नॉब शेवटपर्यंत फिरवूनही छर्रा खालीच लागतो. मागून थोडा उंच असलेला माउंट लावला की ते सुटतं. नॉब टोकाला नेऊन वापरू नका, तिथे आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम भटकायला लागतो.

झिरो, म्हणजे नेम आणि मार एकत्र येण्याचं अंतर, 25 मीटरला केला तर वर सांगितलेल्या 225 मीटर वेगाला साधारण 18 ते 25 मीटर छर्रा जवळजवळ सरळ लागेल, 10 मीटरला सेंटिमीटरभर खाली, 40 मीटरला चार-पाच सेंटिमीटर खाली आणि 50 ला दहा-अकरा. तुमचे आकडे कागदावर मारून पक्के करा.

छर्‍यांबद्दल एकच आग्रह: डब्यावरच्या किंवा जाहिरातीतल्या वेगाच्या मागे लागू नका. ते आकडे बहुधा अतिहलक्या, शिसं नसलेल्या छर्‍यांवर काढलेले असतात. कमरेला बारीक आणि मागे घेर असलेला छर्रा आवाजाच्या वेगाजवळ, सेकंदाला 340 मीटरच्या आसपास, डगमगायला लागतो. शिवाय फार हलका छर्रा पिस्टनसमोर पुरेशी हवेची गादी तयार होऊ देत नाही आणि पिस्टन जोरात आदळतो. तुमच्या रायफलला 0.9 ते 1.05 ग्रॅमचे गोल डोक्याचे शिशाचे छर्रे आधी द्या. चार-पाच प्रकार आणून प्रत्येकाचे तीन ग्रुप मारा. एकाच वजनाचे दोन छर्रेसुद्धा एकाच नळीत अगदी वेगळे वागतात. भरण्याआधी छर्‍याचा मागचा घेर बघा, चेपलेला असेल तर बाजूला टाका.

ट्रिगरच्या स्क्रूला पाचशे शॉट होईपर्यंत हात लावू नका, तो आपोआप मऊ होतो.

आता न टाळता येणारं. नळी मोडून छर्रा भरताना डाव्या हाताने नळी घट्ट धरलेलीच असली पाहिजे. इथे पकड आवळायची. नळी उघडी असताना ट्रिगर सुटला तर ती इतक्या जोरात मिटते की नळी वाकते, दस्ता तडकतो आणि मध्ये बोट असेल तर बोटही जातं. अनेक रायफलींत ते रोखणारी कळ असते, तरी तिच्या भरवशावर हात सोडू नका. छर्रा न घालता मारू नका, समोर अडवणारं काही नसल्याने पिस्टन थेट धातूवर आदळतो. कॉक करून तासन्‌तास ठेवू नका, स्प्रिंग आखडते. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण कडक पृष्ठभागावरून शिशाचा छर्राही उलटा येतो. मागे वाळूने भरलेली पेटी किंवा गच्च बांधलेल्या जाड कागदाचा थर ठेवा, पातळ फळी नको. आणि लक्ष्य चुकलं तर तो छर्रा तीनशे-चारशे मीटर जाऊ शकतो एवढं धरूनच मागची जागा निवडा. शिशाचे छर्रे हाताळल्यावर काही खाण्याआधी हात धुवा.

पीसीपीशी तुलना तुम्ही केलीच आहे, म्हणून सांगतो. बाकावरून एका भोकात छर्रे घालायचे असतील तर ती सोपी आहे, यात शंका नाही. पण फील्ड टार्गेटच्या, म्हणजे मैदानात वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलेली लक्ष्यं पाडायच्या, जागतिक स्पर्धांत ताकदीची मर्यादा साधारण 16.3 ज्यूल आहे, तुमच्या रायफलपेक्षा बरीच कमी. तिथे स्प्रिंग रायफलींचा स्वतंत्र गट आहे, आणि त्या गटातली मंडळी 50 मीटरपर्यंतच्या लहान लक्ष्यांवर नेम साधतात. म्हणजे यंत्रणेच्या प्रकारामुळे तुमचे छर्रे पसरत नाहीत. आणि टाकी, पंप, हवेचा दाब यांची काळजी न करता एकदा नळी मोडली की रायफल तयार, हे सुख मला आजही तेवढंच वाटतं.

येत्या सुट्टीला एवढं करा. नळी पुसा, सगळे स्क्रू बघा, स्कोप काढून ठेवा. रायफलीवर साधी साइट असेल तर तिनेच, 10 मीटरवर, उघड्या तळहातावर ठेवून पन्नास छर्रे मारा, पाच-पाचचे दहा कागद. साइट नसेल तर स्कोप राहू द्या, फक्त रेघ मारून ठेवा. प्रत्येक कागदावर तारीख, छर्‍याचं नाव, तळहात कुठे होता ते आणि एकूण कितवा शॉट हे लिहा. शेवटचे तीन कागद पहिल्या तिनांहून लहान आले तर पाचशेपर्यंत असंच चालू ठेवा. तसे आले नाहीत तर टिश्यूची पट्टी आणि पाच कागद घेऊन पुन्हा विचारा, मग आपण स्प्रिंग आणि सीलकडे बघू.